होकार कळवलाय

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर आईचा आवाज कापरा झाला की माझं बोलणं अडतं, म्हणून लिहिते आहे. आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटच्या कोर्सला मी होकार कळवलाय. आता मागे फिरणार नाही. रागावा, पण शेवटपर्यंत वाचा.

ट्रेनिंग नाशिक रोडलाच, आर्मी एव्हिएशनच्या शाळेत. सिन्नरहून तासाभराची वाट. मेसमध्ये गरम पोळी मिळते, खोलीला गीझर आहे. मुलींसाठी हा कोर्स खुला झाल्यावर २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच पहिली महिला कॉम्बॅट एव्हिएटर, म्हणजे लढाऊ वैमानिक, झाली.

बाबा, ‘वर एकटीच ना?’ असं विचारलंत. एकटी कुठली! १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन ही लष्कराची वेगळी कोअर, म्हणजे शाखा, झाली. लेह, आसामातलं मिसामारी, जोधपूरला तिच्या ब्रिगेड आहेत. त्याखाली स्क्वाड्रन, स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट. पण खरा आधार ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेच्या, तंत्रज्ञांचा. उड्डाणाआधी, दोन उड्डाणांच्या मध्ये आणि दिवसअखेरीस ते तपासणी करतात. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकी प्लग असतो. त्याला धातूचा कीस चिकटलेला दिसला की आत काहीतरी झिजतंय, उड्डाण बंद. काम झालं की नट आवळायचे पाने मोजतात. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत हेलिकॉप्टर हलत नाही, कारण कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकलेला एक पाना अपघाताला पुरे होतो. मग फॉर्म ७०० वर, म्हणजे हेलिकॉप्टरच्या तपासणीच्या नोंदीवर, आधी त्यांची सही, नंतर पायलटची. तुमच्या सहीशिवाय डेपोतून गाडी सुटायची नाही ना, अगदी तसंच. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की वरिष्ठ पायलटही वाद घालत नाही. या शिस्तीवर माझा पूर्ण भरवसा आहे.

आई, पेपरात अपघातांचं वाचतेस ते खोटं नाही. चीता हेलिकॉप्टर जुनं आहे, इंजिन एकच. पण इंजिन बंद पडलं म्हणजे दगडासारखं खाली येत नाही. कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा दांडा, ताबडतोब खाली केला की खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो. जमिनीजवळ नाक वर उचलून वेग मारायचा आणि पंख्यात उरलेल्या फेऱ्यांवर अलगद टेकवायचं. नाशिकला हेच पुन्हा पुन्हा घोटून घेतात. ध्रुव हेलिकॉप्टरला तर दोन इंजिनं आहेत. जपून राहायचं ते डोंगरातल्या ढगांपासून आणि उंचीपासून. विरळ हवेत, त्यातून दुपारच्या उन्हात, पंखा आणि इंजिन दोघांचाही जोर घटतो, म्हणून वजनाचा हिशोब दर खेपेला नव्याने करतात आणि शक्यतो पहाटेच निघतात.

तरी आई, घाबरले की आजही तुझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळावंसं वाटतं.

आता ऐका. माझं पोस्टिंग कुठे, हे कुणालाही सांगायचं नाही, काकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. बाबा, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आई, माझ्यावर अवलंबून म्हणून तुझं डिपेंडंट कार्ड झालंय. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलात गुडघा दाखवून ये, रिक्षाने जा, बसची पायरी चढू नकोस. एक्स-रेचा फोटो त्याच दिवशी मला पाठव.

तुमची
छकुली