कारागृहातील राखी

महोदय,

उपवासकाळात आमच्या वसईच्या चर्चमध्ये क्षमेवर पुष्कळ बोलले जाते, पण मला दरवर्षी आठवते ती मध्य प्रदेशातील सिस्टर राणी मारिया यांची हकीकत. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या, मूळच्या केरळच्या या ४१ वर्षांच्या धर्मभगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने जाताना चाकूने भोसकून हत्या झाली. त्यांची नम्रता म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे, हे त्यांच्या कामावरूनच दिसते.

मारेकरी समंदरसिंग याला जन्मठेप झाली. त्याला भेटायला तुरुंगात गेल्या त्या राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी, आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबानेही त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला. त्याने शिक्षेची वर्षे भोगली होती, त्यामुळे क्षमा केली म्हणजे कायदा गुंडाळला असे म्हणता येणार नाही. ज्या हाताने बहिणीला मारले त्याच हातावर राखी बांधताना सेल्मींना काय वाटले असेल, याची कल्पना मला आजही करवत नाही.

आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याचे वचन आम्ही रोज प्रार्थनेत देतो, आणि जमिनीच्या वादातून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोलाही धरतो. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी गाठलेली व्यक्ती, घोषित करण्यात आले. शाळांतील मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यांची आणि सेल्मींची ही कथा सांगितली जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, वसई