नवा रकाना मालकाला स्वतः घालता आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी दांडिया बाजारात राहते आणि गेली अठरा वर्षं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांसाठी डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिते. यंदा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपने मला बोलावलं. आधीच्या माणसाने केव्हीए (क्षमता), व्होल्टेज असे रकाने पक्के बांधून दिले होते. तेलाच्या बीडीव्हीला, म्हणजे तेल किती किलोव्होल्टपर्यंत टिकतं त्या आकड्याला, जागाच नव्हती, म्हणून टेस्टिंगवरचा मुलगा तो ‘शेरा’त लिहायचा: कधी ‘४२’, कधी ‘तेल ४२ ठीक’, कधी नुसतं ‘ठीक’. दोन वर्षांचे आकडे त्यातून वेचायला माझे तीन रविवार गेले. मालक म्हणाले, “बेन, एक खानुं उमेरी आपो ने.” (ताई, एक रकाना वाढवून द्या ना.) एवढंच त्यांनी आधीच्यालाही सांगितलं होतं. त्यावर उत्तर मिळालं, सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागेल.

हे खरं नाही, आणि मालकांना ते कळावं म्हणून हे पत्र. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधला प्रॉपर्टीग्रिड, म्हणजे नावं आणि त्यांचे आकडे दाखवणारा तयार तक्ता, समोरच्या ऑब्जेक्टच्या (इथे एका ट्रान्सफॉर्मरच्या नोंदीच्या) प्रॉपर्टीज, म्हणजे रकाने, विचारून घेतो. एरवी त्याचं उत्तर क्लासमध्ये, म्हणजे कोडमधल्या साच्यात, आधीच ठरलेलं असतं. पण ऑब्जेक्टने आयकस्टमटाइपडिस्क्रिप्टर हा इंटरफेस (ठरावीक प्रश्नांना उत्तर देण्याचा करार) इम्प्लिमेंट केला, की यादी आपण द्यायची. मी ती डेटाबेसच्या एका टेबलातून देते: नाव, प्रकार, गट. प्रत्येक नावाचा एक प्रॉपर्टीडिस्क्रिप्टर, म्हणजे त्या रकान्याचं वर्णन; त्याचा गेटव्हॅल्यू डिक्शनरीतून (नाव आणि आकडा यांच्या जोड्यांच्या यादीतून) वाचतो, सेटव्हॅल्यू तिथेच लिहितो. टेबलात एक ओळ वाढली की ग्रिडवर एक रकाना वाढतो.

प्रकार मात्र नीट द्यावा. बीडीव्ही स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवला तर ‘ठीक’ पुन्हा आत शिरेल. डबल (दशांश संख्या) ठेवला की ग्रिड ते घेतच नाही. तारखेचा प्रकार दिला तर निवडायला कॅलेंडर आपोआप मिळतं. आपल्याकडे एक वेगळी अडचण येते: गुजराती किंवा देवनागरी आकडे टाइप केले तर डॉट नेट त्यांना संख्या मानत नाही. ते बदलून घेणारा कन्व्हर्टर मी स्वतः लिहिला, दहा-बारा ओळींचा.

नवी मुलं एक्स्पांडोऑब्जेक्टकडे धावतात, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये हव्या त्या प्रॉपर्टीज घालता येतात अशा ऑब्जेक्टकडे. तो २०१० साली डॉट नेट ४ बरोबर आला आणि वापरायला सोपा आहे. पण त्यात घातलेल्या प्रॉपर्टीज प्रॉपर्टीग्रिडला दिसत नाहीत, आणि मग मुलं म्हणतात की हे होतच नाही. होतं. डॉट नेटच्या डेटाटेबलची ओळ ग्रिडमध्ये दिसते, तीही याच वाटेने. ती ओळ दाखवणारा डेटारोव्ह्यू आयकस्टमटाइपडिस्क्रिप्टर हाच इंटरफेस इम्प्लिमेंट करतो.

कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रोग्रॅम घेण्याआधी विचारा, “तुम्हाला न बोलावता मला रकाना वाढवता येईल का?” आणि उत्तर कोटेशनमध्ये लिहून घ्या. माझ्या व्यवसायबंधूंना सांगते, एका रकान्याचे पुन्हा पैसे लावणं बरोबर नाही. मोजलेला आकडा शेऱ्यात हरवतो, आणि त्यावर दुरुस्ती ठरायची असते.

गेल्या मंगळवारी मी त्या वर्कशॉपमध्ये गेले, तर ‘तेल’ गटात बीडीव्हीखाली ‘टॅन डेल्टा’ (तेलाची आणखी एक चाचणी) असा रकाना दिसला. मी तो केलेला नव्हता. टेस्टिंगवरच्या त्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत घातला होता, आणि त्याखाली तीन ट्रान्सफॉर्मरचे आकडेही भरून झाले होते.

आपली,
एक प्रोग्रॅमर वाचक
दांडिया बाजार, बडोदे