उरलेल्या अडतीस जणांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात बेळगावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आपण छापलंत. व्हिडिओ गेम म्हणजे विष, त्यात मारामारीपलीकडं काही नसतं, पालकांनी आणि शाळांनी ते हद्दपार करावेत, असं गुरुजींनी लिहिलं होतं. पत्र दोनदा वाचलं, कापून दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितोय.

माझं निपाणीत संगणक आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलाचा मोबाईल पदराखाली धरून रडत आलेली आई मी काउंटरच्या अलीकडून पाहिली आहे. त्या पोरानं म्हैस घ्यायला ठेवलेले पैसे रमीच्या ॲपवर घालवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. गुरुजींच्या रागाचं मूळ तिथं असेल तर मी त्यांच्या बाजूला उभा आहे. पण जुगार वेगळा आणि गोष्ट सांगणारा गेम वेगळा. दोन्ही एकाच पोत्यात भरून गावाबाहेर टाकायला निघालो, तर त्या पोत्यात काय काय होतं हे आपल्याला कधी कळणारच नाही. म्हणून एका गेमबद्दल सविस्तर सांगतो.

सन २००१. मी बेळगावात एका दुकानात दुरुस्ती शिकत होतो, शहापुरात खोली होती. एका गिऱ्हाइकानं जुना संगणक विकला, तो मालकांनी मला पगारातून कापून दिला. एस.टी.च्या टपावर नको म्हणून मांडीवर घेऊन निपाणीला आणला. त्याच्याबरोबर सीड्यांचा डबा होता आणि डब्यात एक गेम होता, ‘ऑडवर्ल्ड : एब्ज ऑडिसी’. अमेरिकेतल्या लॉर्न लॅनिंग आणि शेरी मॅकेना यांनी काढलेल्या ऑडवर्ल्ड इनहॅबिटंट्स या कंपनीनं तो केला आणि १९९७ साली तो बाजारात आला.

गोष्ट अशी. रप्चर फार्म्स नावाचा मांसाचा प्रचंड कारखाना आहे. मुडोकन जमातीचे लोक तिथं गुलाम म्हणून राबतात. एब त्यांतलाच एक, फरशा घासून चकचकीत करणारा. ज्या प्राण्यांचं मांस कारखाना विकत आला त्यांतले ‘मीच’ नावाचे प्राणी तर साफ संपलेत, स्क्रॅब आणि पॅरामाइटही संपत आलेत, धंदा बसत चाललाय. एके रात्री एबला मालकांची बैठक दिसते. नवा माल ठरलेला असतो. उद्यापासून कामगारांनाच कापून विकायचं. एब पळतो. तो कारखान्यातून कसा सुटतो आणि बाकीच्यांना कसा सोडवतो, हा सगळा गेम.

गुरुजी म्हणतात तशी मारामारी यात फारशी करता येत नाही, कारण एबच्या हातात बंदूक नाही. एक गोळी लागली की तो मेला. चवड्यांवर चालत झोपलेल्या पहारेकऱ्याच्या अंगावरून जायचं, सावलीत श्वास धरून उभं राहायचं, करवतींच्या मधून नेमक्या क्षणी निसटायचं. या जातीच्या गेमला पझल प्लॅटफॉर्मर म्हणतात. उड्या मारत, लोंबकळत पुढं जायचं आणि पडद्यावर येणारी प्रत्येक खोली म्हणजे एक कोडं. चुकलात की मेलात आणि पुन्हा मागून सुरू. एब मंत्र म्हणून एखाद्या पहारेकऱ्याच्या अंगात शिरू शकतो, पण तेही जिथं मंत्र म्हटला की वीज मारणारे गोळे फिरत नाहीत तिथंच.

आणि बोलणं. मला या गेमनं धरून ठेवलं ते या बोलण्यानं. कीबोर्डवरच्या आकड्यांच्या बटणांनी एब बोलतो. घासत बसलेल्या मुडोकनजवळ जाऊन आधी ‘हॅलो’ म्हणायचं. तो मान वर करून उत्तर देतो. मग ‘माझ्यामागं ये’. धोका दिसला की ‘थांब’. पुढं जाऊन रस्ता मोकळा करायचा, परत मागं यायचं, पुन्हा हॅलो, पुन्हा ये. पक्ष्यांचं रिंगण घिरट्या घालत असतं तिथं नेऊन मंत्र म्हटला की दार उघडतं आणि तो माणूस सुटतो. एकेकाशी बोलून एकेकाला न्यावं लागतं. सगळ्यांना एका हाकेत बोलवायची सोय १९९८ च्या दुसऱ्या भागात, ‘एब्ज एक्झॉडस’मध्ये आली. मला पहिल्या भागातली ती एकेकाची कटकटच बरी वाटते.

विनोदही आहे, आणि तो काळा आहे. कारखान्याच्या भिंतींवर दिव्यांचे फलक आहेत. किती कामगार आहेत, किती मेले, किती पळाले, याचा आकडा तिथं माल मोजल्यासारखा फिरतो. पहारेकरी गोळी घालतात आणि घशातून खिदळतात. एबला पादता येतं, आणि समोरचा मुडोकन त्यावर हसतो. माझ्या दुकानात येणारी पोरं त्यावर लोळण घेतात. त्याच पोरांना पुढच्या खोलीत, आत्ता हसलेला तो मुडोकन करवतीखाली गेला की गप्प बसलेलं मी पाहिलंय. हसवून माणसाला जवळ आणायचं आणि मग त्याचं काय होतं ते दाखवायचं. आपल्याकडं तमाशातला सोंगाड्या हेच करत आला.

आता आईबद्दल. माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. कोणाची वखार ते लिहीत नाही, सगळ्या सारख्याच होत्या. निपाणीचं नाव बाहेर १९८१ च्या आंदोलनानं पोचलं. शरद जोशींच्या मागं शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि पुढं गोळीबार झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वखारीच्या आतल्या बायका कमी लोकांना ठाऊक आहेत. चाळण मारायची, काड्या वेचायच्या, पोती ओढायची, नाकातोंडावर पदर घट्ट बांधून. खकाणा एवढा की समोरच्या बाईचा चेहरा पिवळट दिसायचा. घरी आल्यावर ती आधी मोरीत जायची आणि खोकायची. मला लहानपणी वाटायचं, आयांना खोकला असतोच.

आमची एकच खोली होती, संगणक तिथंच. मी खेळायचो, ती चहाची बशी घेऊन मागं बसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं आणि गरजही पडली नाही. कारखान्याचा मालक, मोलक त्याचं नाव, मोठ्या खांद्यांचा कोट घालून चिरूट ओढत बैठकीत बसलेला दिसला, तेव्हा ती म्हणाली, “तंबाखूच ओढतोय की.” एबचे ओठ शिवलेले आहेत, तेही तिनंच आधी पाहिलं. लहानपणी फार रडायचा म्हणून शिवले, असं गोष्टीत आहे. तिला तसं सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

गेममध्ये एकूण ९९ मुडोकन आहेत. मी दीड महिना खेळून शेवटाला पोचलो तेव्हा ६१ सुटले होते. पन्नासपेक्षा कमी सोडवले तर शेवटी एबला वाचवायला कोणी येत नाही, तो चरकात जातो. माझे ६१ होते, त्यामुळं एब वाचला, जयजयकार झाला. मी खुर्चीत मागं रेललो. आई म्हणाली, “आणि उरलेल्यांचं काय रं?”

अडतीस जण. पुढं निघून गेलं की मागच्या कारखान्यात परत जाता येत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग पहिल्यापासून कर की.”

केलं. मे महिन्यात सुरू केलं ते दिवाळीच्या तोंडाला संपलं. दाराआड, पडद्याच्या कडेला, पिंपांच्या मागं लपलेल्या खोल्या असतात. नुसतं पुढं पळणाऱ्याला त्या दिसत नाहीत. माणसं तिथंच असतात. ९९ झाले त्या रात्री मी तिला उठवलं. उठून बसली, पडद्याकडं बघितलं, म्हणाली, “बरं झालं. झोप आता.”

संपादक महाराज, वखारीतल्या बायकांची संघटना झाली तेव्हा आई तिच्यात गेली होती. शेजारच्या बाईच्या घरी जाऊन, तिच्या सासूशी आधी चार शब्द बोलून, मग तिला सभेला न्यायचं, हे काम ती करायची. हे मला तिच्या मैत्रिणींकडून कळलं, ती गेल्यानंतर. ‘हॅलो’ म्हणायचं, मग ‘ये’ म्हणायचं. मी सहा महिने तिच्यापुढं जे खेळत होतो ते तिनं हातानं केलेलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वाचकांना इतरांपेक्षा लवकर समजेल. पहिल्या गेममध्ये एबच्या हाताला चार बोटं काढली होती. जपानमध्ये मांस आणि चामड्याचं काम करणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या विटाळाचे मानल्या गेलेल्या बुराकुमिन समाजाला हिणवायला चार बोटं दाखवतात. मांसाच्या कारखान्यातला गुलाम आणि त्याला चार बोटं, याचा तिथं काय अर्थ होईल हे लक्षात आल्यावर कंपनीनं बोटं तीन केली. दुसऱ्या भागापासून एब सगळीकडं तीन बोटांचाच आहे. दहावीतल्या एका मुलाला हे सांगितलं. त्यानं विचारलं, “म्हणजे जपानात पण असतं?” मग आम्ही दुकान बंद करायची वेळ टळून जाईपर्यंत बोलत बसलो. हा विषय त्याच्याशी काढायला मला दुसरं कुठलं निमित्त मिळालं असतं?

दुसऱ्या भागात ‘सॉरी’ हा शब्द आला. एखादा मुडोकन फार मार खाऊन, फार दुःखानं मोडलेला असला तर त्याला नुसतं ‘ये’ म्हणून तो हलत नाही. आधी त्याची माफी मागावी लागते. तिथल्या खाणीत डोळे शिवलेले मुडोकन आपल्याच पूर्वजांची हाडं खणत असतात. त्यांना वेळेवर ‘थांब’ म्हटलं नाही तर ते सरळ चालत कड्यावरून जातात.

दुकानात मागच्या बाजूला मी एक जुना संगणक याच गेमसाठी लावून ठेवलाय. शनिवारी चारनंतर पोरं येतात. मराठी शाळेतली येतात, कन्नड शाळेतली येतात. एबचं इंग्रजी त्यांनी केव्हाच मोडीत काढलं. पडद्याकडं बघून एक ओरडतो “थांब थांब!”, दुसरा “निल्लु!”, एक म्हणतो “ये माझ्यामागं”, दुसरा “नन्न हिंदे बा”. मुडोकन दोघांचंही ऐकतो असं वाटण्याइतकी ती रंगलेली असतात. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते आपल्याच पेपरात रोज छापून येतं, त्यात मी भर घालत नाही. दुकानात मी जे ऐकतो ते फक्त लिहिलं.

गेममध्ये दोष आहेत, तेही सांगायला हवेत. रक्तमांस दिसतं, त्यामुळं बारा वर्षांखालच्या मुलांना मी बसू देत नाही. पहिल्या भागात हवं तिथं खेळ जपून ठेवायची सोय नाही, एका उडीसाठी तीच तीन कोडी वीसदा सोडवावी लागतात. रागानं कीबोर्ड आपटणारी मुलं असतात, त्यांना मी उठवून चहा सांगायला पाठवतो. २०१४ मध्ये ‘न्यू अँड टेस्टी’ नावानं हा गेम नव्यानं केला, त्यात सोडवायचे मुडोकन ९९ चे २९९ झाले आणि जपून ठेवायची सोयही आली. लहान गावातल्या मुलांनी त्यानंच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आता विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, सिनेमाचं तर दोन दोन येतात. गेमचं मराठीतलं एक अक्षर मी आजवर त्यात वाचलेलं नाही. परीक्षणं इंग्रजीत ढीगभर आहेत, मुलं ती वाचतात. वाचू शकत नाही ती मुलाची आई. तिच्यापुढं दोनच वाटा उरतात, सगळं चालू द्यायचं नाहीतर सगळं बंद करायचं. महिन्यातून एकदा चारशे शब्द द्या. गोष्ट काय आहे, कोणत्या वयाला चालेल, पैसे कुठं मागतो, वाईट काय आहे, एवढं साध्या मराठीत. लिहायला कोणी नसेल तर पहिले काही मी लिहून देतो, मानधन नको. बेळगावात १८४८ साली सार्वजनिक वाचनालय काढणाऱ्यांनी लोकांच्या हाती आपल्या भाषेत वाचायला काहीतरी दिलं. घराघरातल्या पडद्यावर काय चाललंय हेही आपल्या भाषेत वाचायला मिळावं, एवढंच मागतोय.

गुरुजींना माझा नमस्कार कळवा. निपाणीला येणं झालं तर शनिवारी चारनंतर दुकानात यावं. संगणकाशेजारी एक स्टूल आहे, आई ज्यावर बसायची तेच, घरून आणलंय. सध्या सहावीतली एक मुलगी जुना भाग खेळतेय. परवाच तिला बारा पूर्ण झाली म्हणून बसू दिलं. ती ६७ वर आहे आणि पिंपांच्या मागची एक खोली तिला अजून सापडलेली नाही. ती खोली कुठं आहे ते मी सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, निपाणी