मंत्रीसाहेब, राडारोडा उचलायची एवढी घाई कशाला?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी सांगलीचा, गावभागातला. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघितलेत, पण आज पुराचं रडगाणं नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या तीन मजली बिल्डिंगचा जिना पहाटे खाली आला. दूधवाल्याची गाडी पंक्चर झालेली म्हणून तो वाचला. सकाळी पंचनामा, दुपारी जेसीबी, संध्याकाळी जागा झाडून साफ. कागदावर कारण काय, तर अतिवृष्टी. अहो, पाऊस शेजारच्या मातीच्या वाड्यावर पण पडला की, तो उभाच आहे!

मी एक तुकडा उचलून आणलाय. अंगठ्यानं चोळला तरी वाळू गळते, आतल्या सळईचा गंज पापुद्र्यासारखा सुटतो. टीव्हीशेजारी ठेवलाय, बायको रोज फेकून द्या म्हणते.

तुम्ही म्हणाल ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट आहे ना. आहे, पण ते पडायच्या आधीचं झालं, आणि महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ माणसं गेली, तिला तर दहा वर्षंही झाली नव्हती. पडल्यावर का पडली हे शोधायचं कुणी? ज्यांनी परवानगी दिली त्यांनीच? रेल्वेचा अपघात झाला तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नाही, विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात. इमारतीला असं कोण आहे?

न्यूयॉर्कचे टॉवर पडले तेव्हा तिथंही बरंचसं लोखंड तपासायच्या आधीच भंगारात गेलं. मग २००२ ला कायदा करून निस्ट या सरकारी संस्थेला साइटवर जायचा, कागद मागवायचा, नमुने ताब्यात घ्यायचा अधिकार दिला. २०२१ ला फ्लोरिडात सर्फसाइडची बिल्डिंग पडून ९८ जण गेले, तेव्हा त्यांनी कॉलम-बीमचे तुकडे गोदामात नेऊन ठेवले. शिक्षा करणं त्यांचं काम नाही, का पडली तेवढं शोधायचं आणि पुढं काय बदलायचं ते सांगायचं.

आपल्याकडं एवढं तरी करा. माणसं बाहेर काढून झाली की जागा सील, आणि पालिकेबाहेरच्या इंजिनिअरनं नमुने घेतल्याशिवाय एक डंपर हलायचा नाही. रिपोर्ट मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा लावा.

आणि आमच्याकडचा तुकडा कुठं जमा करायचा तेवढं कळवा.

आपला,
गावभागातला एक घरपट्टीवाला