पेरणीच्या दिवसांत ॲपल कप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा लेख काल वाचला. कोणते विद्यापीठ कोणती कॉन्फरन्स (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून कुठे जाणार, याचे अर्धे पान भरून अंदाज. २०३०-३१ मध्ये एसीसी ही कॉन्फरन्स सोडण्याचा दंड साडेसात कोटी डॉलरवर उतरणार, बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सचा टीव्ही करारही त्याच सुमारास संपणार, म्हणून पुढची पळापळ तेव्हा, हे मलाही पटते. राग आला तो एका ओळीचा. पॅक-१२ या आमच्या कॉन्फरन्समधून दहा विद्यापीठे गेली आणि ‘दोन उरली’, एवढे लिहून लेखक लगेच एसीसीतल्या फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला किती भाव येईल याच्या हिशेबाला लागले.

त्या दोनांपैकी एक वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ. मी तिथलाच, पुलमनमध्ये राहतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून १९९१ साली इथे मृदाशास्त्र शिकायला आलो. एका गहू उत्पादक शेतकऱ्याच्या घरात तळघराची खोली भाड्याने घेतली होती. २१ नोव्हेंबर १९९२ च्या शनिवारी ते मला त्यांच्या पिकअपमधून ॲपल कप हा आमचा दरवर्षीचा सामना बघायला घेऊन गेले. समोर नेहमीप्रमाणे सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ, आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या दोन मानकऱ्यांपैकी एक. बर्फ इतका पडत होता की मैदानावरच्या रेघा दिसेनात. मी दोन स्वेटर घालूनही कुडकुडत होतो, तेव्हा त्यांनी गाडीतली घोंगडी आणून माझ्या खांद्यावर टाकली. आमच्या ड्रू ब्लेडसोने लांब चेंडू फेकला, आमच्याच फिलिप बोबोने तो झेलला आणि तसाच घसरत कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसला. खेळाचे नियम मला धड कळत नव्हते, पण शेजारचे सगळे उठले तसा मीही उठून ओरडत होतो. ४२-२३ ने जिंकलो. परदेशात आपण कुणाचे तरी आहोत, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

हा सामना नोव्हेंबरच्या शेवटी असायचा, त्याला इथे फार अर्थ आहे. आमच्या इथल्या पलूस (Palouse) भागात गव्हाची कापणी ऑगस्टात होते आणि हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. नोव्हेंबरपर्यंत कोंब वर आलेले असतात, यंत्रे धुऊन शेडमध्ये लावलेली असतात. माणूस मोकळा असतो. वॉशिंग्टन विद्यापीठ पॅक-१२ सोडून गेल्यावर नोव्हेंबरच्या वेळापत्रकात या सामन्याला जागाच उरली नाही. तो सप्टेंबरात ढकलला गेला. २०२४ साली सिॲटलमध्ये १४ सप्टेंबरला झाला, २४-१९ ने जिंकलो, आनंदच आहे. २०२५ साली आमच्या मैदानावर २० सप्टेंबरला होता. ऐन पेरणीत.

माझे जुने घरमालक आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेत मुलगा बघतो, तरी पेरणीला बांधावर उभे राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिकीट काढून ठेवले होते. सकाळी त्यांचा फोन आला, “तू जा, मला जमणार नाही.” माझ्या शेजारची खुर्ची सामना संपेपर्यंत रिकामी होती. ५९-२४ ने हरलो. पण घरी परतताना मला सलत होती ती खुर्ची. टीव्हीच्या बाजारपेठा मोजणाऱ्या तुमच्या लेखात ती कुठे धरली आहे?

आणि आम्ही नुसते ‘उरलो’ नाही. इथून पंचवीस किलोमीटरवर कोलफॅक्स हे छोटे गाव आहे. तिथल्या कोर्टात वॉशिंग्टन स्टेट आणि उरलेले दुसरे विद्यापीठ ऑरेगन स्टेट उभी राहिली आणि पॅक-१२ चा कारभार आपल्या हाती राखला. १९१५ पासूनची संस्था त्यांनी मोडू दिली नाही. आता बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे विद्यापीठांना घेऊन २०२६ च्या जुलैपासून ती नव्याने उभी करायचे ठरले. याची दखल घेणाऱ्या चार ओळी तरी हव्या होत्या.

किंमत फुटबॉलपुरतीही थांबत नाही. पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये गेलेल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतल्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली आता कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी न्यू जर्सीला जातात. आमच्याकडे २०२५ मध्ये खर्चकपातीत ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद झाले. त्या मुलांचा फुटबॉलशी काय संबंध होता?

अंदाजच बांधायचे तर एक माझ्यातर्फे विचारा. ॲपल कपचा सध्याचा करार २०२८ पर्यंतचा आहे. त्यापुढे तो होणार का, आणि झालाच तर नोव्हेंबरात परत येणार का? माझे घरमालक मला दर भेटीत हेच विचारतात.

आपला,
एक वाचक, पुलमन (वॉशिंग्टन राज्य)

ता. क. : लेखासोबत काळ्या-पांढऱ्या गोल चेंडूचे चित्र छापले आहे. या खेळाचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. गेल्या वर्षीही हीच चूक झाली होती, तेव्हाही मी कळवले होते.