आयसीटीसीतल्या ताई, थँक्यू

ताई, माझं नाव तुम्हाला आठवणार नाही आणि नाही आठवलं तेच बरंय, पण मागच्या महिन्यात सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि समुपदेशन होतं त्या केंद्रात, एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून, केस पेपर चुरगळत बसला होता ना, तो मी.

त्याआधीचे तीन आठवडे कसे काढले माझं मला माहीत. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची, काखेत गाठ आलीय का चाचपायचं, साधी सर्दी झाली तरी वाटायचं झालं, लागलाच रोग. एका प्रायव्हेट लॅबवाल्याने तर घाबरवून भलं मोठं पॅकेज गळ्यात मारलं आणि रिपोर्ट समजावून सांगायला कोणीच नाही.

तुम्ही आधी दार लावलं आणि सरळ विचारलं, नेमकं काय झालं होतं? मी म्हणालो "संबंध आला", तर म्हणालात असं मोघम नको, नीट सांगा. मग अडखळत सांगितलं, किस केलं, मग हाताने, आणि तिने थोडा वेळ तोंडाने, बाकी काही नाही. तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. केस पेपरच्या पाठीमागे लिहून दाखवलंत, व्हायरस पसरतो तो रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या आणि गुदद्वारातल्या स्रावातून, आईच्या दुधातून, लाळेतून नाही, आणि धडधाकट कातडीतून तो आत शिरत नाही. त्यामुळे किस आणि हाताचा प्रश्नच नाही, तोंडाचं म्हणाल तर धोका जवळपास नाहीच. एचआयव्हीची लागण टाळायला 72 तासांत सुरू करायच्या त्या 28 दिवसांच्या गोळ्या हुकल्या म्हणून मी रडकुंडीला आलेलो, तर पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून म्हणालात, "अरे, तुला त्या लागल्याच नसत्या."

टेस्ट फुकट झाली, नॉन रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आली. रिपोर्ट घरी जाईल का विचारलं तर 2017 चा एचआयव्हीचा कायदा सांगितलात, हे गुप्त ठेवावंच लागतं. आणि मग हळूच विचारलंत, भीती नक्की व्हायरसची आहे का घरी कळायची? त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. घरी कळायचीच होती ताई, सत्तर टक्के तरी.

तीन महिने झाले की मनाच्या समाधानासाठी परत ये म्हणालात, तर येतोय. सोबत एक मित्र असेल, त्याचं प्रकरण माझ्यासारखं नाहीये, त्याने कंडोम वापरला नव्हता आणि 72 तास कधीच उलटून गेलेत. दोन दिवस समजावतोय तेव्हा कुठे तयार झालाय. तो पण आधी "संबंध आला" एवढंच म्हणेल.