बाळंतिणीच्या जिवाची माहिती मराठीतही द्या

मा. संपादक,

‘द फाइट फॉर लाइफ’ हा पेअर लोरेन्त्झ यांचा 1940 चा अमेरिकी चित्रपट नुकताच पाहिला. शिकागोच्या गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांवर तो आहे. सुरुवातीलाच एक आई प्रसूतीत दगावते आणि ‘हे का झालं?’ हा प्रश्न तरुण डॉक्टरला स्वस्थ बसू देत नाही. पुढे रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीसाठी चाललेली धडपड बघताना माझा जीव टांगणीला लागला होता.

आपल्याकडे अजून ‘बाळंतपणात एवढं जायचंच’ म्हणतात. लुगड्याच्या घड्या भिजत जातात, बदलल्या जातात, पण किती रक्त गेलं ते कुणी मोजत नाही. मोजायचं कसं, हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यात दाखवून दिलं गेलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 2002 ते 2005 या काळात इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 1620 बाळंतिणींचा अभ्यास झाला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. 500 मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की तो धोका धरला. काहींना नर्सबाईंनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात हा रक्तस्राव शंभरात बारांवरून सहा-सातांवर आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2006 मध्ये हे छापलं. जगाने ते वाचलं, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या आमच्या बायकांपर्यंत ते पोचलं का?

आम्ही कर्नाटकात, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या सुनेच्या हाती कन्नड तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदींचं सरकारी कार्ड) पडतं. महाराष्ट्रातल्या चंदगडात दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तिचीही तीच गत. कन्नडला विरोध मुळीच नाही. पण किती रक्त गेलं की दवाखाना गाठायचा, 108 ला कधी फोन लावायचा, हे सासूला आणि नवऱ्याला स्वतः वाचता यायला नको का? पावसाळ्यात ओढे भरले की आमच्या वाड्यांवर गाडी पोचत नाही, तिथे अर्धा तासही फार असतो.

11 एप्रिलला राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन असतो. त्या दिवशी खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत आशाताई, नर्सबाई आणि गावच्या सासवांना एकत्र बसवून हा चित्रपट मराठी-कन्नड निवेदनासह दाखवावा आणि धोक्याच्या खुणांचा दोन्ही भाषांतला तक्ता प्रत्येक अंगणवाडीत लावावा, अशी जिल्हा आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, खानापूर